तीन वळांची टोपी

वहिनी,

तुमच्याबद्दल लिहायला मी तीन वेळा बसलो. पहिल्या खेपेला सवयीनं जे यायचं तेच कागदावर आलं: कोणाच्या कोण, कोणत्या गावच्या, किती दिवसांच्या तापानं गेल्या, मागे कोण कोण आहेत. वीसेक वर्षं मी लोकांबद्दल हेच लिहीत आलो आहे. वाचून पाहिलं तर एकही ओळ चुकीची नव्हती, आणि तुम्ही त्यात कुठेच नव्हता. कागद फाडून टाकला. तुम्ही असता तर म्हणाला असता, "भावजी, खालचा कोरा तुकडा ठिवायचा हुता की. दोरा गुंडाळाया झाला असता."

तेव्हा टोपीपासूनच सुरुवात करतो. आपल्या दोघांतला तेवढा एकच वाद निकालात निघायचा राहिला आहे.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे. पण हे बाकीचेही वाचणार, म्हणून क्रमानं मांडतो. (तुम्ही: "मांडा, मांडा. आधी तुमचीच बाजू मांडा.")

तुम्ही लग्न होऊन वडवणीला आलात तेव्हा तुमच्या पेटीत क्रोशाची एक सुई होती. बीडला मामांकडे राहून तुम्ही तिसरीपर्यंत शिकला होता. तिथल्या शाळेतल्या बाईंनी तुम्हाला दोन टाके शिकवले होते, साखळी आणि मुका खांब. सुई खालच्या टाक्यात घालायची, तिच्या आकडीनं दोरा ओढून आणायचा, पुन्हा दोरा घ्यायचा आणि दोन्ही फासांतून एकदम बाहेर काढायचा. झाला मुका खांब. एवढ्या भांडवलावर तुम्ही घरातल्या प्रत्येक निर्जीव वस्तूला अंगरखा चढवलात. तांब्याला, आरशाला, शेवटी दादांच्या तपकिरीच्या डबीलाही. त्या दिवशी दादांना स्वतःची डबी ओळखू आली नाही आणि समोर डबी असून ते संध्याकाळपर्यंत तपकिरीवाचून बसले.

तुमच्या या कलेवर पहिला घाव पडला तो तुमच्या लेकीच्या, गोदीच्या, लग्नात. रुखवतात तुम्ही चार महिने खपून केलेला रुमाल मांडला होता. माजलगावच्या विहीणबाईंनी तो उचलला, उजेडाकडे धरला, त्यातून आरपार मांडव पाहिला आणि मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "चाळणी हाय का रुमाल हाय म्हणावं ह्यो?"

सगळे हसले. तुम्हीही हसलात. त्यानंतर आठ दिवस घरातलं वरण अळणी होतं. दादांनी किंवा मी, कोणीही मीठ मागितलं नाही.

विहीणबाई रुमालावर थांबल्या नाहीत. गोदीनं चूल पेटवली तर धूर, पाणी भरलं तर सांडलं. आणि प्रत्येक वेळी शेवट ठरलेला: "आईनं चाळण्या इणायला शिकवलं, दुसरं काय?" दोन वर्षांनी गोदी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा तुम्ही ठरवलं, की बारशाला बाळाच्या डोक्यावर अशी टोपी चढवायची की विहीणबाईंची दातखीळ बसली पाहिजे.

नमुना कुठला, तर पेशकारांच्या डोक्यावरचा. दादांकडे सरकारी कागद घेऊन येणाऱ्या या गृहस्थांची टोपी तुम्ही दाराच्या फटीतून पाहिली होती. दोऱ्याचीच, पण तिच्यावर गोल गोल कडा उठलेल्या, नुकत्या नांगरलेल्या रानासारख्या. आपल्या घरात गोषा. देशमुखांची सून उठून पेशकारांच्या डोक्याशी जाणार कशी? मी तेव्हा पुण्याहून रजेवर आलो होतो. तुम्ही दाराआडून मला खुणावलंत, की त्यांना वाकवा. मी सुपारी पाडली. पेशकार वाकले. तुम्ही पुन्हा खुणावलंत. मी पुन्हा पाडली. तिसऱ्या वेळी पेशकारांनी सुपारी उचलून दिली आणि दादांना हळूच विचारलं, माझे हात असे केव्हापासून थरथरतात.

टोपी करीमचाचांची निघाली. आठवडी बाजारात लिंबाखाली बसून ते टोप्या विकत आणि विकता विकता पुढची विणत. तुम्ही मला समोर बसवलंत.

"भावजी, तुमी पेपरात साऱ्या जगाचं लिवता."

"हो."

"जसं दिसलं तसंच लिवता?"

"तसंच. आमच्याकडे नियम आहे तो."

"मग बाजारात जावा आन् मला एक टाका लिवून आणा."

मी वही घेऊन निघालो. मला आठवतं, मी किंचित हसलोही होतो.

करीमचाचांनी आढेवेढे घेतले नाहीत. "बैठो, देखो," म्हणाले. मी त्यांच्या समोर बसून लिहू लागलो. "गोल फिरत राहावे. सहा खांब झाल्यावर एक वाढवावा. फेरी पुरी झाल्याखेरीज थांबू नये." टिपण चांगलं चाललं होतं. मग वहीवर सावली पडली. निजामाच्या पोलिसातला एक जवान मागे उभा होता; पुण्याच्या पेपरवाल्यांवर त्यांची नजर असे.

"क्या लिख रै?"

"टोपी का."

"पूना के अखबार में हैं ना तुम?"

"हौ."

त्यानं वही घेतली आणि बोट फिरवत वाचली. "फेरी? कायकी फेरी? वाढवावा बोले तो किसको वाढवावा?"

"टाँका है साब," करीमचाचा मान वर न करता म्हणाले. "भाभी मँगाये सो."

जवानानं माझ्याकडे पाहिलं, टोपीकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "एक नकल मेरे कू मिलती क्या? घर में पीछे पड़े हैं."

मी त्याला नक्कल लिहून दिली. ती घेतल्यावर त्याला आपलं काम आठवलं आणि इथं गर्दी करू नका म्हणून त्यानं मला उठवलं. करीमचाचांच्या शेजारी बसून, त्यांच्या बाजूनं तोच टाका पाहायचा राहून गेला. आमच्या कचेरीतला पहिला धडा होता, घटना दोन्ही बाजूंनी पाहावी. तो धडा मी त्या दिवशी वडवणीच्या बाजारात सोडून आलो.

माझ्या टिपणातलं ते वाक्य पुढे तुम्ही मला इतक्यांदा ऐकवलंत की मला ते पाठ आहे. "खालच्या टाक्याच्या माथ्यावर दोन धागे दिसतात. दोन्हींत सुई न घालता फक्त आपल्या बाजूच्या धाग्यात घालावी." मी समोर बसलो होतो. माझ्या बाजूचा धागा म्हणजे करीमचाचांच्या पलीकडचा. मला दिसलं तसं मी लिहिलं आणि तुम्ही वाचलंत तसं केलंत. सुई तुमच्या अंगाकडच्या धाग्यात गेली.

बारशाच्या सकाळी तुम्ही टोपी पुरी केलीत. पांढरी, खाली झालर, वर लाल गोंडा. ती हातावर चढवून तुम्ही फिरवली.

"भावजी, कडा कुठं हायत?"

मी टोपीत बोट घालून पाहिलं. "आत आहेत."

"आत? आत कोन बघनार? पोरगं?"

"करीमचाचांच्या बाहेर होत्या."

"मग माझ्या आत कावून गेल्या?"

मी वही काढून टिपण शोधू लागलो. वेळ तुमच्याकडे नव्हता, माजलगावची गाडी वेशीत आली होती. बाहेरून टोपी साधीच दिसत होती, चाळणीपेक्षा जरा बरी. तुम्ही ती बाळाला घातली. डोकं आमच्या घराण्याचं, म्हणजे मोठं. टोपी घट्ट बसली.

पुढचं मी साक्षीदार म्हणून सांगतो. पाळणा सजला होता. नाव किसन ठरलं होतं. बाळाची आत्या त्याच्या कानाशी वाकली, तेवढ्यात विहीणबाई म्हणाल्या, "थांब, जावळ बघू दे," आणि त्यांनी टोपी काढली. कपाळावर तीन आडवे वळ होते. सरळ, लांब, एकमेकांपासून सारख्या अंतरावर. तुमच्या शेवटच्या तीन फेऱ्या.

विहीणबाईंच्या हातून टोपी गळाली. "अगं बया! कुनी नाव घेऊ नका! परळीचा वैजनाथ आला गं घरात! बघा, भस्माचं पट्टं हायत का न्हाईत!"

आत्याबाईंच्या ओठांवर "कि" आलं होतं. तेवढं त्यांनी गिळलं. बायका पाळण्यावर कोसळल्या. बाळ रडलं, रडण्यानं तोंड लाल झालं आणि वळ आणखी ठळक उठले. अर्ध्या तासात ते मावळले. पण तोवर दोन नारळ फुटले होते, नाव वैजनाथ पडलं होतं आणि विहीणबाई तुमचे हात धरून रडत होत्या. "ईनबाई, तुमच्या हातची टोपी घातली आन् देव परगट झाला. ही टोपी आमच्या देव्हाऱ्यात राहील."

त्यांच्या खांद्यावरून तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी अनेक खटल्यांना हजर राहिलो आहे. निकालाच्या वेळी अशी नजर मी एकाही आरोपीला लाभलेली पाहिली नाही.

संध्याकाळी मी तुम्हाला म्हणालो की खरं काय ते सांगून टाकू.

"कशापायी?"

"चूक झाली आहे. आमच्याकडे चूक झाली की दुसऱ्या दिवशी त्याच जागी दुरुस्ती छापतात."

"छापा की. आन् पोराचं नाव काय ठिवता मग? दुरुस्ती?"

मी हट्ट धरला. तुम्ही हातातलं काम खाली ठेवलंत. तसं तुम्ही क्वचितच करत असा. "भावजी, दोन वर्सं झाली गोदीच्या लग्नाला. आज पयल्यांदा त्या बाईनं तिला आपल्या शेजारी पाट दिला बसायला. तो पाट तुमी काढून घेनार हाव का?"

मी दाराकडे निघालो.

"मी हाय तवर न्हाई सांगायचं," तुम्ही म्हणालात. "मी गेल्यावर मग काय छापायचं ते छापा."

वाद तिथं मिटला नाही, फक्त पुढे ढकलला गेला. आणि त्याची शिक्षा माझ्याऐवजी तुम्हालाच भोगावी लागली. महिन्याभरात वडवणीतली प्रत्येक गरोदर बाई "तीन वळांची टोपी" मागायला आली. मग माजलगावहून आल्या. लिंबागणेशहून एक आजीबाई आल्या आणि म्हणाल्या, "आमचं दैवत गनपती हाय. तवा सोंडेचा वळ उठंल अशी काढा." तुम्ही त्यांना, सोंड वाकडी असते, मापात बसत नाही, असं सांगून चहा पाजून परत पाठवलंत. आत येऊन मात्र डोक्यावरचा पदर तोंडात कोंबून हसलात. गोषाचा एवढा चांगला उपयोग मी दुसरा पाहिलेला नाही.

पुढच्या दिवाळीला करीमचाचांच्या घरून अमीनाबी आपल्याकडे आल्या. त्यांनी तुमचं काम हातात घेतलं आणि क्षणात विचारलं, "क्या माँ, अगला धागा कायकू उठाये? पिछला उठाना." मग माझ्याकडे वळून, "तुम चाचा के सामने बैठ के देखे क्या?" मी हो म्हटलं. अमीनाबी इतका वेळ हसल्या की चहा निवला. जो टाका लिहायला मी बाजारात तासभर बसलो होतो, तो त्यांनी तुम्हाला पाच मिनिटांत शिकवला. कडा बाहेर आल्या, नांगरटीसारख्या, पेशकारांच्या डोक्यावर होत्या तशाच.

आणि तो टाका कोणालाही नको होता. तुम्ही खऱ्या टाक्याची पहिली टोपी ज्या बाईला दिलीत, ती दुसऱ्या दिवशी परत घेऊन आली. "काकू, लई देखनी हाय वो. पर वळ उमटत न्हाई." त्या दिवसापासून तुम्ही बरोबर टाका येत असताना चुकीचा विणत राहिलात. बारशामागून बारसं. आणि प्रत्येक टोपीच्या शेवटच्या फेरीला, मी घरात असो वा पुण्याला, एकदा मोठ्यानं म्हणत राहिलात, "आपल्या बाजूच्या धाग्यात घालावी!"

माझा दंड ठरला तो असा, की दर दिवाळीला यायचं, येताना दोरा आणायचा आणि दोन्ही हातांवर लडी धरून समोर बसायचं. तुम्ही गुंडी करणार आणि मी पुण्याच्या बातम्या सांगणार. दोरा मी आमच्याच जुन्या अंकांत बांधून आणी. करोडगिरीच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या, नाक्यावरचा कारकून पुडकं सोडी, दोरा परत देई आणि कागद ठेवून घेई. आमचा अंक निजामाच्या हद्दीत चालत नाही. "तिथं तुमच्या लिवण्याची कदर न्हाई," तुम्ही म्हणायचात, "तरी बरं, त्यांनी तुमचं टाक्याचं वाचलं न्हाई." मध्ये एक वर्ष मला काम लागलं आणि मी कळवलं की येता येत नाही. तुमचं उत्तर एका ओळीचं आलं: "चूक केली ती धाग्यानं न्हाई." मी आलो. अठरा दिवाळ्यांत माझी एकही चुकली नाही. संपादक मला विचारत, दर दिवाळीला मोगलाईत एवढं काय काम असतं. मी सांगत असे, खटला चालू आहे.

आता चौदाव्या दिवसाचं सांगतो, कारण तिथं तुम्ही नव्हता. किंवा मला तरी तसं वाटत होतं.

माजलगावची मंडळी अजून घरीच होती. विहीणबाई आता थकल्या आहेत, नजर अधू झाली आहे, पण तुमच्यासाठी गाडीतून आल्या, आणि देव्हाऱ्यातली टोपी बरोबर घेऊन आल्या. म्हणाल्या, जिच्या हातची तिच्या फोटोपाशी एक दिवस राहू दे. फोटो नाही म्हटल्यावर ती तुमच्या सुईपाशी ठेवली. वैजनाथ शेजारी बसला होता. अठरा वर्षांचा झाला; डोकं अजून घराण्याचंच आहे. त्यानं सहज टोपी उचलली, मुठीवर चढवली, काढली आणि काढताना ती उलटी झाली.

"पुन्याचे आबा, ह्ये बघा," तो मला म्हणाला. "अशी तर लई झ्याक दिसती."

मी पाहिलं. कडा बाहेर होत्या.

वहिनी, ते पाहिल्यावर माझ्या डोक्यात काय आलं ते मी जसंच्या तसं लिहितो, कारण नियम आहे. आधी वाटलं, हे इतकं सोपं होतं? मग आठवलं, उलट्या बाजूनं खांबांची पाठ दिसते आणि झालर, गोंडा आत जातात. दोन्ही उसवून बाहेर लावता आली असती. पाठ माहितगारालाच ओळखू येते आणि विहीणबाई माहितगार नव्हत्या. म्हणजे अठरा वर्षं ज्या चुकीचा मी गुन्हेगार होतो ती एका हिसक्यात दुरुस्त होत होती. सगळ्यात शेवटी वाटलं, ही गोष्ट तुमच्या ध्यानात आली नसेल हे अशक्य आहे.

मी गोदीकडे पाहिलं. ती मला टाळून जमिनीकडे बघत होती आणि तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडते आहे.

"काका," ती हळूच म्हणाली, "तुमाला खरंच ठावं नव्हतं?"

"तुला होतं?"

"बारशाच्या संध्याकाळीच आईनं उलटून बघितलती. तुमी दुरुस्तीचं बोलून बाहेर गेलता तवा. लई हसली."

"मग मला का नाही सांगितलं?"

गोदीनं डोळे पुसले. "म्हनाली, सांगू नको. चूक हाय तवर मानूस येतंय."

तेवढ्यात विहीणबाईंनी विचारलं, "काय झालं रं? टोपीला काय झालं?" आवाजात काळजी होती. त्यांचा एक हात गोदीच्या हातावर होता. बसल्यापासून तो तिथंच होता. दिसत नाही म्हणून त्या तिच्या आधारानं बसतात. वैजनाथ मुठीवर टोपी धरून माझ्याकडे पाहत होता. "आबा, सरळ बाजू कंची वो हिची?"

तुमची अट संपली होती. अठरा वर्षं जपलेली दुरुस्ती माझ्याकडे तयार होती, शब्दान् शब्द. मला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी आयुष्यात टाळलेलं नाही.

"तुझ्या आजीनं घातली होती ती," मी म्हणालो. टोपी त्याच्या हातून घेतली, कडा आत करून नीट ठेवली आणि विहीणबाईंना सांगितलं, "काही नाही, गोंडा सैल झालाय का ते बघत होतो."

"झालाय का?"

"नाही. वहिनींचं काम आहे."

त्या हसल्या. गोदीच्या हातावरचा हात तिथंच राहिला. पलीकडे दादांनी तपकिरीची डबी उघडली आणि पुन्हा मिटली. तिचा अंगरखा ते आता काढू देत नाहीत. डबी ओळखायला मात्र त्यांना अजून थोडा वेळ लागतो.

तेव्हा वहिनी, तुमच्या परवानगीनं दुरुस्ती इथं, पुण्याच्या अंकात, देत आहे. वडवणीच्या बाजारातून दिलेल्या वृत्तात धाग्याची बाजू चुकली होती. सुई पलीकडच्या धाग्यात घालावी. वाचकांनी सुधारून घ्यावं. ज्यांच्यासाठी ती आहे, त्यांच्यापर्यंत ती पोचणार नाही, कारण हा अंक नाक्यापुढे जात नाही. माझा नियमही पाळला गेला आणि गोदीचा पाटही हलला नाही. अशी तोड तुम्हालाच सुचली असती. कदाचित तुम्हालाच सुचली असेल. "मी गेल्यावर छापा" म्हणताना आमचा अंक कुठवर येतो ते तुम्हाला चांगलं माहीत होतं.

चूक मात्र आता राहिलेली नाही. निघताना मी तेच गोदीला म्हणालो, की खटला संपला. ती गाडीपर्यंत आली. तुमची सुई तिच्या पदराला टोचलेली होती. "ह्या दिवाळीला मी हितंच हाय, काका," ती म्हणाली. "आईच्या सहा लड्या तशाच राहिल्यात. धरायला मानूस लागतंय."

मी येतो म्हणालो. दोराही आणीन. या वेळी कोऱ्या कागदात बांधून.